डाव्या मडगार्डावरचा हात

"खड्डा म्हणजे केवढा? विहिरीएवढा?" नेरियोने हातोडी बाकावर आपटली.

"एवढा." देसोलीनाने दोन बोटं जुळवून दाखवली. "चाकाच्या कमानीच्या वर, मागच्या अंगाला. कागदाइतका खोल असेल. पण आहे."

"नाहीये."

"आहे."

"मी आत्ता हात फिरवला!"

"मग मी काय इस्त्री फिरवली?"

मिरेल्लाने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलला. सदतीस वर्षांची ही त्यांची एकुलती एक मुलगी. आईबापांच्या भांडणात मध्ये पडायचं नाही हे तिला केव्हाच कळलं होतं, तरी ती पडायचीच. "बाबा, शनिवारी डॉक्टर गाडी न्यायला येणार. नखाएवढी पुट्टी लावू, वर रंग बसला की कोणाच्या बापाला कळणार नाही."

"तुझ्या बापाला कळेल," नेरियो म्हणाला. "या छपराखाली पुट्टीचा डबा आला, तर तो किंवा मी."

"तुला आता कळतंय होय?" देसोलीनाच्या तोंडून निघून गेलं.

नेरियोने तिच्याकडे अशी नजर टाकली, की तिने हातातलं सुती फडकं उगाचच झटकलं. जिन्यावरून आर्जियाने, नेरियोच्या थोरल्या बहिणीने, हाक दिली. "वर येताय की ते रश्श्यातले तोर्तेल्लिनी मांजराला घालू? फुगून बटाटे झालेत!"

भांडण तेवढ्यावर अर्धवट राहिलं.

गाडी होती बोलोन्या शहरातल्या, दातांच्या डॉक्टर झाकारींची, पंचवीस वर्षांपूर्वीची, दोन दारांची, नाजूक. डोंगरातल्या शर्यतींसाठी त्यांना रुंद टायर हवे होते आणि रुंद टायर मूळच्या मडगार्डात मावत नव्हते. कोणी सांगितलं होतं की प्लॅस्टिकच्या तयार कमानी मिळतात, चिकटवल्या की झालं. डॉक्टर ते ऐकून वैतागूनच मोदेनाबाहेरच्या या पत्र्याच्या शेडपर्यंत आले होते. त्यांना पोलादाचंच हवं होतं, जुना पत्रा कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला ते देवालाही सापडू नये असं. दोन महिने नेरियोने एल्म झाडाच्या ओंडक्यावर वाळूची चामडी पिशवी ठेवून पत्रा ठोकला. तारेच्या सांगाड्यावर तो पुन्हा पुन्हा लावून पाहिला. मिरेल्लाने तो गाडीला जोडला. मडगार्ड चाकावरून असं फुगत गेलं होतं, की जणू गाडीने श्वास आत घेऊन धरून ठेवलाय.

आणि प्रत्येक टप्प्यावर हात फिरवला होता तो देसोलीनाने.

हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं. देसोलीना मूळची कार्पी गावची, स्वेटरच्या कारखान्यातली. विणलेल्या कापडाचा तागा समोरून सरकत जायचा आणि सुटलेला टाका तिला डोळ्यांआधी तळहाताने सापडायचा. मुकादम तिला नावाने हाक मारत नसे. "ए, हात! इकडे ये," म्हणायचा. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा नेरियो चोवीस वर्षांचा होता आणि नुकताच स्वतःचं दुकान मांडून बसला होता. एकदा ती त्याला जेवायला बोलवायला खाली आली आणि जाता जाता एका बॉनेटवर सहज हात फिरवून म्हणाली, "इथे काहीतरी सुटलंय." दुसरा कोणी असता तर हसला असता. नेरियोने खिशातून खडू काढून तिच्या हातात दिला. "कुठे, ते आख." तिने गोल काढला. त्याने तिथे ठोकलं, पुन्हा तिचा हात फिरवून घेतला आणि बॉनेट बिनबोभाट गेलं.

तेव्हापासून चाळीस वर्षं. हाताखाली उशीच्या जुन्या अभ्र्याचं फडकं, डोळे मिटलेले, आणि खडू. तिने गोल काढला की तो ठोकायचा. का, कशावरून, असं त्याने कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक यायचं तेव्हा मात्र ती कॉफीचा ट्रे घेऊन उभी असायची, आणि गिऱ्हाईक नेरियोचा हात दोन्ही हातांत धरून म्हणायचं, "काय हात आहेत तुमचे!" याचं तिला वाईट वाटलं असेल असं आर्जियाने कितीदा सुचवून पाहिलं होतं. देसोलीनाला वाटायचं, कारखान्यात दिवसाला हजार टाके दाखवले, कोणी मान वर करून पाहिलं नाही. इथे माझ्या एका गोलावर एक माणूस दिवसभर घाम गाळतो. आणखी काय हवं?

म्हणूनच आजचं "नाहीये" तिला झोंबलं होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

जेवताना आर्जियाने रस्सा पुन्हा उकळून नेरियोपुढे ठेवला. त्याने वाडगा दोन्ही हातांत उचलला आणि तसाच धरून बसला. वाडग्यातून वाफा निघत होत्या. मिरेल्लाने आपल्या वाडग्याला बोट लावून चटकन मागे घेतलं. नेरियो धरूनच होता.

देसोलीनाचा घास तोंडातच राहिला.

मग एकेक आठवत गेलं. गेले दोन हिवाळे त्याच्या बाहीचं बटण तीच लावत होती, "डोळ्याला दिसत नाही" म्हणून. आणि हल्ली तो पत्रा पाहताना मडगार्डावर गाल टेकवायचा. तिला वाटलं होतं, वय झालं, लाडाने टेकवतोय. तो गालाने पत्रा वाचत होता. पन्नास वर्षं हातोडीचे हादरे बसून त्याची बोटं मेली होती, आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला त्याने पत्ता लागू दिला नव्हता.

"काय गं, रस्सा खारट झाला का?" आर्जियाने विचारलं.

"नाही. छान झालाय."

दुपारी सगळी आडवी झाली. देसोलीनाचा डोळा लागतोय न लागतोय तोच खालून हातोडी ऐकू आली. आधी हळू, अंतराने. मग भराभर. तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. नेरियो कधी असा घाईने ठोकत नसे. ती अनवाणीच जिना उतरली.

तो डाव्या मडगार्डापुढे गुडघ्यांवर बसला होता. तिने दाखवलेली जागा त्याला नेमकी ठाऊक होती. फक्त किती ठोकलं आणि कुठे थांबायचं ते सांगायला बोटं नव्हती. पत्रा ताणला जाऊन पातळ झाला होता. देसोलीनाने वाकून अंगठा टेकवला. मडगार्ड डब्याच्या झाकणासारखं टपकन आत गेलं आणि टपकन बाहेर आलं.

दोघांनीही तो आवाज ऐकला. आता पुट्टीही चालणार नव्हती, आणि ताणलेला पत्रा तापवून परत आवळण्याच्याही ते पलीकडे गेलं होतं.

"खड्डा होता," नेरियो म्हणाला.

"हो."

"मला लागलाच नाही. काहीच लागत नाही, देसोलीना. दोन वर्षं झाली." त्याने दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले. "आणि सकाळी तुलाच खोटं पाडलं."

ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. "दोन वर्षं मग काम कसं केलंस?"

"तुझ्या खडूवर. आधीही तसंच करत होतो म्हणा. फक्त आधी वाटायचं की मलाही कळतंय." तो थोडा हसला. "लोक हात मिळवायचे ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघायचो. तू साखर ढवळत असायचीस."

"तू बघायचास?"

"दर वेळी."

तिने त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. घट्टे पडलेला, खरखरीत, लाकडासारखा. यानेच तो खडू तिला दिला होता. दिला नसता तर ती जन्मभर एक चांगली स्वयंपाकीण म्हणून जगली असती आणि आपल्या हातात काय आहे ते तिला कळलंही नसतं. तिने त्याची बाही सारखी करून सुटलेलं बटण लावलं. तिला बरं वाटत होतं, आणि या वेळी बरं वाटावं याची थोडी लाजही वाटत होती.

"डॉक्टरला सांगतो, गाडी घेऊन जा," नेरियो म्हणाला. "आणि कुलूप घालतो. मिरेल्लाला फेरारापर्यंत कुठेही काम मिळेल."

"नऊ वर्षांची असल्यापासून ती पत्रा ठोकते. शेवटचा हात तू तिला मारू देत नाहीस, एवढंच."

"तिचा हात जड आहे."

"तुझा काय पिसाचा होता? दुकानाच्या पहिल्या वर्षी तीन दारं भंगारात घातलीस. मी होते ना मोजायला."

देसोलीनाने मडगार्डाला धरून स्वतःला उठवलं, मग त्याला हात दिला. वरून कॉफीचा वास येत होता.

स्वयंपाकघरात आर्जिया कप मांडत होती. मिरेल्ला झोपाळलेल्या डोळ्यांनी टेबलाशी येऊन बसली. "कसला आवाज होता? बाबा, आत्ता कशाला ठोकत होतास?"

नेरियोने तोंड उघडलं, पण देसोलीनाने खुर्ची ओढली, साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली,

"डावं मडगार्ड कापायचंय. उद्या सकाळी सातला. नवं मिरेल्ला ठोकणार, शेवटच्या हातापर्यंत. पत्र्याखाली आधाराचं लोखंड नेरियो धरेल. कुठे ठोकायचं ते मी सांगणार. डॉक्टरांना आत्ता फोन करते, शनिवारी गाडी मिळणार नाही. आणि गाडी न्यायला ते येतील तेव्हा कॉफी आर्जिया देईल, मी खाली गाडीपाशी असेन."