जरा साफ करतो हं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ आहे. तो चालवणारा माणूस साठीच्या पुढचा, सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळे त्याला फोटोकाका म्हणतात. त्याच्या वयाचा मान ठेवून ‘ते आले, ते म्हणाले’ असं लिहायला हवं. मी लिहिणार नाही. माझ्या मुलीचं एक वर्ष त्याच्यामुळे वाया गेलं, म्हणून माझ्यासाठी तो ‘तो’च.

चौतीस वर्षं तो एकाच फिरत्या स्टुलासमोर उभा आहे. भिंतीवर पांढरा पडदा, दोन छत्रीदिवे, कोपऱ्यात आरसा आणि कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. खुंटीवर एक काळा कोट, ज्याच्याकडे नसेल त्याने फोटोपुरता चढवायचा. कोट पाठीत उसवलाय, पण पाठीचा फोटो कोण काढतो? पूर्वी तो निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून लोकांच्या सुरकुत्या, मुरमं, भाजल्याचे डाग घालवायचा. आता तेच काम संगणकावर करतो. गिऱ्हाईक स्टुलावरून उठायच्या आत म्हणतो, ‘‘जरा साफ करतो हं.’’ विचारत नाही, सांगतो.

माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत जांभळी जन्मखूण आहे. लहानपणी कुणी विचारलं की ती सांगायची, ‘‘इथे रंग सांडलाय,’’ आणि खेळायला पळायची. गेल्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेसाठी फोटो हवा होता म्हणून मी तिला त्याच्याकडे घेऊन गेले. फोटो काढून झाला, तो ‘जरा साफ करतो हं’ म्हणाला आणि दहा मिनिटांत पाकीट माझ्या हातात दिलं. फोटोतल्या मुलीचे दोन्ही गाल सारखे होते.

परीक्षेच्या दारात पर्यवेक्षिकेने प्रवेशपत्र पाहिलं, मग माझ्या मुलीचं तोंड पाहिलं. ‘‘ही तू नाहीस.’’ दुसरीला बोलावलं, मग त्यांच्या साहेबांना. कुणीतरी ओला रुमाल दिला आणि म्हणालं, ‘‘पुसून दाखव.’’ माझ्या मुलीने चारशे पोरांसमोर गाल पुसून दाखवला. मग आणखी कागद, आणखी सह्या. पंचवीस मिनिटांनी आत सोडलं. चार गुणांनी तिचा प्रवेश हुकला.

तेव्हापासून कॅमेरा दिसला की तिचा हात गालावर जातो. वाढदिवसाला ती फोटो काढणारी होते, फोटोतली नाही. मी तिला झोपेत न्याहाळते, जागेपणी ती तेवढंही बघू देत नाही. लोक म्हणतात, लाजते पोरगी. लाजत नाही हो. ती पुन्हा कुणी रुमाल पुढे करेल म्हणून दबकून असते.

यंदाचा अर्ज शुक्रवारपर्यंत भरायचा होता. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं, फोटोत कोणताही बदल चालणार नाही. मंगळवारी मी मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसले.

‘‘साफ करणार असशील तरच काढ,’’ ती म्हणाली.

‘‘साफ केलेला चालत नाही. तुला माहितीये.’’

‘‘मग नको भरू अर्ज.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिच्यावर नाही. वर्षभर मी त्याच्या दुकानावरून मान वळवून जात होते. मनात काय काय करून झालं होतं. काच फोडून झाली, पाटी उतरवून झाली, त्याला भर रस्त्यात ओल्या रुमालाने तोंड पुसायला लावून झालं. बुधवारी दुपारी मी जुनं प्रवेशपत्र घेऊन स्टुडिओत शिरले.

काउंटरवर त्याची बायको कटरने फोटो कापत होती. तो आतून आला, चष्मा चढवून त्याने प्रवेशपत्र पाहिलं आणि फुलला. ‘‘हा माझाच फोटो. लाइट बघा कसा पडलाय!’’

‘‘तुमचाच आहे. माझ्या मुलीचा नाही.’’

मग मी सगळं सांगितलं. रुमालासकट. त्याच्या बायकोचा कटर थांबला.

‘‘ताई, मी चांगल्यासाठीच केलं,’’ तो म्हणाला. ‘‘इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही. आणा तिला, नवीन काढून देतो.’’

‘‘ती कुणासमोर बसत नाही आता. आधी तुम्ही बसायचं. स्टुलावर. फोटो काढायचा, काहीही साफ न करता, आणि तो बाहेरच्या काचेत लावायचा. नाहीतर प्रवेशपत्रं कोण बिघडवतं ते परीक्षावाल्यांना मी लेखी कळवते.’’

त्याचा हात मिशीवर गेला. ‘‘माझा फोटो? माझं काय काम त्यात?’’

त्याची बायको हसत सुटली. ‘‘अहो ताई, कुणाला सांगताय! आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये हा माणूस एकाही फोटोत समोर बघत नाही. माझी मावशी विचारत होती, नवरा आला नव्हता का गं?’’

‘‘तू गप्प बस ना.’’

‘‘चौतीस वर्षं गप्पच आहे. ओठ फाटलेला होता यांचा जन्मतः, ताई. टाके घातलेत. शाळेत वर्गाचा फोटो काढताना फोटोग्राफर म्हणाला, तू मागे उभा राहा. तेव्हापासून हे मागेच. मागे राहून राहून कॅमेऱ्याच्याच मागे गेले.’’

मला दया यायला हवी होती. नाही आली. उलट राग दुप्पट झाला. म्हणजे ‘तू मागे उभा राहा’ म्हटल्यावर पोटात काय होतं ते याला माहीत होतं, आणि तरी हा चौतीस वर्षं गावाला मागे उभं करत होता, गोड आवाजात!

‘‘उद्या चार वाजता,’’ मी म्हटलं आणि निघाले.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात मुलीला सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ‘‘त्याच्यावरच का चिडतेस?’’ म्हणाली. ‘‘पाकीट उघडून तू काय म्हणालीस आठवतं?’’

‘‘काय म्हणाले?’’

‘‘‘अगं बाई, किती छान आलाय!’ आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास. त्याआधी माझा एकटीचा एकही फोटो टाकला नव्हतास तू.’’

खरं होतं. मी उठले आणि उगाचच ओटा पुसायला घेतला.

‘‘पण येते मी,’’ ती मागून म्हणाली. ‘‘मला त्याला बसलेलं बघायचंय.’’

गुरुवारी तो काळा कोट घालून तयार होता. उसवलेली पाठ पडद्याकडे. मुलीने केस गालावर ओढलेले होते. तिने सरळ जाऊन कॅमेरा हातात घेतला.

‘‘काका, हनुवटी खाली. हात मांडीवर. मांडीवर म्हटलं ना.’’

हात खाली आला आणि परत मिशीवर गेला. अगदी हिचा गालावर जातो तसा. तिने ते पाहिलं, तरी सोडलं नाही.

‘‘कंगव्याने मिशी वर घ्या.’’

कंगव्याची दोरी स्टुलापर्यंत पुरेना. त्याच्या बायकोने कात्रीने दोरी कापली आणि कंगवा त्याच्या हातात दिला. मिशीखालून ओठाची वाकडी शिवण दिसली. तो कॅमेऱ्याकडे बघू लागला. मुलगी बटण दाबेना.

एक मिनिट. दोन मिनिटं. दिव्याच्या उष्णतेने त्याच्या कपाळावरून घाम निथळू लागला.

‘‘काढतेस ना बाळ?’’

‘‘घाई काय आहे काका? मी पंचवीस मिनिटं उभी होते.’’

‘‘ताई, सांगा ना हिला.’’

मी काचेतल्या नवऱ्यामुलींचे फोटो बघत राहिले. सगळ्या कशा नितळ! भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं मोजली मी. इतकी समाधानाची सात मिनिटं वर्षभरात मला मिळाली नव्हती. मग ‘खट्’ झालं.

तो उठला. कोटाच्या बाहीला घाम पुसत हळूच म्हणाला, ‘‘जरा साफ करशील?’’

‘‘नाही करणार.’’

त्याने मान डोलावली. मुलीने केस कानामागे घेतले आणि स्वतःहून स्टुलावर बसली. तो कॅमेऱ्यामागे गेला. ‘‘हनुवटी...’’

‘‘माहितीये.’’

फोटो संगणकावर उमटला. सवयीने त्याचा हात माउसकडे गेला, तसा बायकोने त्यावर फटका मारला. ‘‘हात तर लावून बघा!’’

अर्ज त्याच संध्याकाळी तिथूनच भरला. निघता निघता मुलगी म्हणाली, ‘‘आता तू बस.’’

‘‘मी? अगं, मी अशी अवतारात... मला कशाला?’’ माझा हात कंगव्याकडे गेला.

‘‘कंगवा ठेव, आई.’’

मी अर्धवट मिटल्या डोळ्यांची, दोन हनुवट्यांची, काहीतरी बोलत असताना तिच्या मोबाइलमध्ये टिपली गेले. आम्ही घरी पोचायच्या आत तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर होता. खाली तिने लिहिलं होतं, ‘किती छान आलाय ना?’ माझ्या बहिणीने विचारलं, ‘बरी आहेस ना गं?’ तो माझा हिशोब होता, तिने चुकता केला.

प्रवेशपत्र आलंय, जांभळ्या गालासकट. परीक्षा पुढच्या महिन्यात. त्या दिवशी दाराशी मीही जाणार आहे. कुणी रुमाल काढलाच तर बघून घेईन.

फोटोकाकाचा फोटो काचेत आहे. त्याने खालच्या कोपऱ्यात लावला होता, मी तो मधे घ्यायला लावला, एक नवरी आणि एक बाळसेदार बाळ यांच्या बरोबर मधे. येताजाता थांबून बघते मी. काचेवर धूळ बसली की मला त्याचा ओठ नीट दिसत नाही. मग मी दारातूनच आत ओरडते, ‘‘काका, काच जरा साफ करा हं!’’