चिमण्यांसाठी बत्तीस भोकं

एकलहऱ्याच्या वाटेवर झेंडूचं शेत मोडून आठ घरांची कॉलनी उभी राहिली, तिचा आराखडा माझ्या नवऱ्याचा. शेतात आधीपासून राहणाऱ्यांना हाकलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. कुंपणाच्या तळाशी त्याने मुंगसांसाठी फटी ठेवल्या.

"यातून साप आला तर?" जागेच्या मालकांनी विचारलं.

"म्हणून तर मुंगूस."

शिवाय प्रत्येक घराच्या छपराखाली चिमण्यांसाठी चार भोकं. बांधकाम एका गवंड्याचं, गिलावा दुसऱ्याचा. वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी आम्ही गेलो, तर भिंती गुळगुळीत.

"साहेब, परांचीच्या बांबूंची लय भोकं राहिली होती," गिलाव्याचे गवंडीमामा अभिमानाने म्हणाले. "मी स्वतः बुजवली."

"अहो, नकाशात तिथे चिमण्या काढल्यात!"

"पाहिल्या की. म्हटलं, साहेबांचा हात छान हाय."

नवरा सिमेंटच्या गोणीवर मटकन बसला. मी हसू लपवायला शेताच्या जुन्या विहिरीत डोकावले.

पुन्हा परांची बांधली. छिन्नी चालवताना मामा पुटपुटत होते, "जन्मभर भोकं बुजवली, आता पाडतोय. गावात सांगू नका, साहेब." आठव्या घराशी, म्हणजे आमच्याच, एक भोक उघडंच निघालं.

"हे कसं राहिलं?" नवऱ्याने विचारलं.

मामा ओशाळले. "तिथं बिऱ्हाड आलं होतं. काड्या लोंबत होत्या. कुणाच्या घरात थापी कशी घालू?"

सकाळपासून धुमसणारा माझा नवरा तेव्हा पहिल्यांदा हसला.

काही वर्षांनी तो गेला. तेराव्याला मामा आले. चहा घेतला, फोटोकडे बघत बसले. मग बाहेर जाऊन, मान वर करून, आठही घरांभोवती फिरून आले.

"वहिनी, तिसऱ्या घराची दोन भोकं रंगाऱ्यानं बुजवली."

"आज राहू द्या, मामा."

"आज साहेब ओरडणार नाय, म्हणून राहू द्यायचं? शिडी हाय ना?"

मी शिडी धरून उभी राहिले. गिलाव्याचा भुगा डोक्यावर पडत होता. तिसऱ्या घरातले गृहस्थ धावत आले आणि आज, तेराव्याच्या दिवशी, हे काय चाललंय म्हणून विचारू लागले.

"दोनच आहेत," मी म्हटलं. "होतील एवढ्यात."