चिंचणीच्या किनाऱ्यावर फिरवलेला अँटेना

काल बोईसरच्या घरी केबल सोल्डर करताना सोल्डरमधल्या राळेचा धूर नाकात गेला आणि मी थेट चिंचणीच्या किनाऱ्यावर पोचले, जिथे तरुणपणी मी कोळ्यांचे वायरलेस सेट दुरुस्त करायचे.

वाऱ्याने समुद्र खवळला होता. तिथल्या कोळीण हिराबाईंच्या नवऱ्याची मासेमारीची बोट सकाळी यायची होती, ती दुपारपर्यंत आलीच नव्हती. किनाऱ्यावरच्या वायरलेसचा उभा अँटेना चारी बाजूंचं ऐकायचा, पण जवळचंच. मी आणलेला दुसरा अँटेना लांबचं ऐकायचा, पण तोंड असेल त्याच दिशेचं. बोट कुठे भरकटली, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण उभ्या अँटेनावर काहीच येत नव्हतं, म्हणजे बोट लांब होती, म्हणून मी दुसराच जोडला. हिराबाईंनी त्याचा बांबू धरला आणि मी सांगेन तसा हळूहळू फिरवला. सेटमधून नुसती खरखर येत होती. 

बांबू दक्षिणेकडे वळला आणि खरखरीतून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, "आमी हाय! इंजिन बंद पडलाय!"

मी माईक हिराबाईंपुढे धरला. बांबू न हलवता त्या माईककडे वाकल्या. मग त्या एवढंच म्हणाल्या, "जेवला का तुमी?"

दिशा कळल्यामुळे दुसऱ्या बोटींनी ती बोट संध्याकाळी ओढून आणली. हिराबाईंच्या त्या प्रश्नाला मी तेव्हा हसले होते. आज वाटतं, याहून मोठं काही विचारायचा त्यांना धीरच झाला नसेल.