दसऱ्यानंतरची बॅच

"मॅडम, सही करून टाका की. गाडी गेटवर हाय."

सूर्यवंशी साहेब सकाळपासून माझ्या केबिनला प्रदक्षिणा घालत होते. ते आमच्या लातूरच्या औषध कारखान्याचे प्लांट मॅनेजर, मी क्वालिटीची प्रमुख. फिट येणाऱ्या रुग्णांच्या गोळ्यांची अख्खी बॅच माझ्या एका सहीसाठी अडून बसली होती. सही केली तर माल नांदेडच्या दवाखान्यात. नाही केली तर भट्टीत.

मी सही करत नव्हते, कारण एचपीएलसीवर नको ते दिसत होतं. हे यंत्र गोळीतले घटक सुटे करून आलेखावर एकेकाचं टोक काढतं. आमच्या गोळीचं टोक एकच. इथे त्याच्या मागे आणखी तीन उगवली होती, एक मोठं आणि दोन बारकी. फिटची गोळी माणूस वर्षानुवर्षं रोज घेतो. हे आगंतुक कोण, ते कळल्याशिवाय ती कुणाच्या पोटात जाऊ द्यायची नाही. पगार त्याचाच मिळतो मला.

"यंत्र बिघडलं असंल," साहेब म्हणाले.

यंत्र ठणठणीत होतं. नवा नमुना घेतला, पुन्हा तपासला. तीच तीन टोकं.

"मग युनूसभाईनं मशीन धुतली न्हाई. मेमो द्या त्याला, विषय मिटवा."

युनूसभाई गोळ्या दाबायच्या मशीनवरचे ऑपरेटर. रिटायरमेंट तोंडावर आलेली, आणि आजवर त्यांच्या मशीनवर धुळीचा कण सापडला नव्हता. माझं डोकंच फिरलं. गुन्हा काय ते माहीत नाही आणि गुन्हेगार तयार!

साहेबांना बाहेर घालवलं आणि ते तिन्ही पदार्थ कोणता प्रकाश शोषतात ते पाहिलं. तिन्ही निळा प्रकाश गिळत होते. निळा गिळणारा पदार्थ आपल्या डोळ्यांना पिवळा दिसतो. आमच्या गोळीत पिवळं औषधालाही नाही. पिवळं, आणि तीन सख्ख्या बहिणींसारखं एकत्र फिरणारं? ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेली बाई मी, उत्तर स्वयंपाकघरात निघालं. कॅन्टीनमधून चिमूटभर हळद मागवली, अल्कोहोलमध्ये विरघळवली, यंत्राला दिली. तीन टोकं, त्याच जागी.

"हळद व्हय!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मग अडलं कुठं? लोकं दुधात घालून पितेत. इख हाय का ते?"

"साहेब, किती पडली, कुठून पडली, तिच्यासोबत आणखी काय पडलं, कळायला नको? हळद गेली तिथून उद्या काहीही जाईल."

"तुम्ही लई ताणायलात, मॅडम."

मी तडक मशीनकडे गेले. साहेब मागोमाग.

"दसऱ्याला मशीनची पूजा झाली, मॅडम," युनूसभाई म्हणाले. "पूजेच्या आधीच मी आतून धुऊन झाकण बंद केलतं. हळद-कुंकू बाहेरून लागलं, ते दुसऱ्या रोजी पुसलं. आतून लावायचं काय कामच न्हाई."

"हॉपरचं झाकण काढा."

हॉपर म्हणजे मशीनच्या डोक्यावरचं नरसाळं, त्यातून पावडर खाली उतरते. युनूसभाईंनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला हळदीचं स्वस्तिक. अर्धंच. उरलेलं अर्धं गोळ्यांत गेलं होतं.

"हे कुणी काढलं?"

युनूसभाई छताकडे पाहू लागले. साहेबांनी घसा खाकरला.

"बाहेरून तर सगळेच लावतेत," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, बरकत आतून यावी."

मी कपाळाला हात लावला. तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

बॅच जाळली. दवाखान्याला मीच फोन केला. फिटच्या रुग्णाची गोळी एक दिवस चुकली तरी तो रस्त्यात पडू शकतो, म्हणून नवा माल तयार होईपर्यंत त्यांनी दुसरीकडून गोळ्या मिळवल्याची खात्री करून घेतली. बोलणी अर्थात मीच खाल्ली. युनूसभाईंचा मेमो बारगळला. साहेबांना मेमो द्यायची कल्पना मात्र कुणालाच सुचली नाही.

आता आमच्याकडे दसऱ्याला मशीनच्या फोटोची पूजा होते. फोटोला काच आहे, आत शिरायला वाट नाही. साहेब दर वर्षी मनोभावे हळद-कुंकू वाहतात, आणि मी शेजारी उभी असते. भक्तीला माझी ना नाही. फक्त झाकण माझ्यासमोर बंद व्हावं.