आतोबांचे अग्निशास्त्र

आमच्या आतोबांइतका सोवळा माणूस साऱ्या गिरगावात नव्हता, आणि त्यांच्याइतके कबाब खाल्लेला तर नव्हताच नव्हता. आमच्या जातीत मटणाला मज्जाव नव्हता, पण ते घरच्या चुलीवरचे. परळच्या नाक्यावर खानसाहेबाच्या शेगडीवरचे खाल्ले, की जात वाळीत टाकायला टपलेली. आतोबांनी त्यावर तोड काढली होती. "अरे, विटाळ चढतो तो पाण्यातून. निखाऱ्यावर कोरडं भाजलं ते अग्नीनं शुद्ध केलं. अग्नीला कसली आली आहे जात?" याला आधार कुठला, हे विचारायची सोय नव्हती. विचारले की ते संस्कृत बोलू लागत, आणि ते संस्कृतही त्यांचे स्वतःचेच असे.

रविवारी आम्ही ट्रामने परळला जात असू. त्यांच्या बगलेत पाट, हातात घरच्या पाण्याचा तांब्या, केळीचे पान माझ्याकडे. दुकानात गाडीवान आणि गिरणीतले लोक बाकावर बसून बोटे चाटत असत. आतोबा पडद्याआड जाऊन सोवळ्याचा मुकटा नेसत, शेगडीकडे पाठ आणि पूर्वेकडे तोंड करून कोपऱ्यात पाटावर बसत, चित्राहुती घालत आणि मगच कबाबाला हात लावत. खानसाहेब सळई वरूनच पानावर झटकी. एकदा त्याने प्रेमाने चटणी वाढायला घेतली, तर आतोबा पाटावरून ताडकन उठले. "ओली आहे!" त्या दिवशी ते उपाशीच परतले.

पुढे त्यांच्या ठकूचे लग्न ठरले. मोठ्या खटपटीने जमलेले स्थळ, आणि नेमकी ही कबाबांची कुणकुण व्याह्यांच्या कानावर गेली. सोयरीक मोडायलाच ते घरी आले. आत्या रडू लागली. आतोबांनी मात्र काही नाकारले नाही. आपले शास्त्र त्यांनी घटकाभर समजावले आणि व्याह्यांनाच परळला नेले. त्या कोपऱ्यात दोन पाट शेजारी शेजारी मावेनात, म्हणून व्याही आडवे, शेगडीकडे तोंड करून बसले. पहिला कबाब त्यांनी चिमटीने उचलला, दुसरा मुठीने. "शास्त्र पटण्याजोगं आहे," असेही म्हणाले. एवढ्यात खानसाहेबाने नवा खिमा सळईवर चढवायला घेतला आणि त्याआधी दोन्ही हात पाण्याच्या भांड्यात चांगले बुचकळले. व्याह्यांना ठसका लागला, तेव्हा आतोबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिले.

"पानी नहीं लगाया तो कीमा हाथ को चिपकता है, रावसाहेब," खानसाहेब हसून म्हणाला.

दोघे सोवळे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. अखेर व्याह्यांनी तोंडातला घास गिळला. "मुहूर्त जवळचाच धरू या," ते म्हणाले.

ठकूचे लग्न थाटात झाले. दोन्ही घरांनी तोंडातून ब्र काढला नाही. आतोबा मात्र पुन्हा परळला गेले नाहीत. जातीला त्यांनी बगल दिली असती, पण स्वतःच्या शास्त्राला फसवणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. मला त्यांची कीव आली, आणि थोडा रागही आला.

काही महिन्यांनी मी एकटाच दुकानावरून जात होतो. खानसाहेबाने हाक मारली. "रावसाहेब बीमार हैं क्या?" त्याच्या ओल्या हाताचे कारण त्याला कुठल्या तोंडाने सांगू? मी हो म्हणालो. "हर जुम्मे को दुआ मांगूंगा," तो म्हणाला.

घरी येऊन मी हे आतोबांना सांगितले.

"आणि रे," ते हळूच म्हणाले, "त्याच्या दुव्यानं मी बरा झालो, तर काय सांगायचं त्याला?"