मालुबाईंचा वर गेलेला हात

मंजुश्रीने मालुबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते त्या बदलायचे कपडे मांडीवर घेऊन नुसत्याच बसून राहिल्या तेव्हा. बेळगावातल्या एका दवाखान्यात मंजुश्री ऑक्सिजनचं यंत्र सांभाळते. माणूस आडवा मावेल एवढी काचेची बंद टाकी. आत दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. ठिणगीच्या भीतीने आत सुती कपडेच चालतात, कृत्रिम रेशमाचे नाहीत.

"जन्मभर हीच आर्ट सिल्क विणली, आणि तुमच्यात हीच चालत न्हाय व्हय?" अंगावरच्या साडीचा पदर चिमटीत धरून मालुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं.

वडगावात त्यांचे घरचे दोन माग. मालुबाईंचा कोरोना बरा झाला, पण धाप आणि थकवा मुक्कामालाच राहिले. तुटलेला धागा दिसे, पण जोडायचं सुचत नसे. नवरा आण्णाप्पा एकटाच दोन्हीकडे धावत होता. दिवाळीपर्यंत बायको मागावर उभी राहिली नाही, तर एक माग विकायचा, असं त्याने ठरवलं होतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "या ऑक्सिजनने काहींना आराम पडतो, काहींना नाही. खात्री देत नाही."

"कान दुखला तर हात वर करा, आक्का," असं बजावून मंजुश्रीने टाकी बंद केली. दाब चढू लागला आणि मालुबाईंचा हात वर गेला. तिने घाईने दाब उतरवून दार उघडलं.

"कुठं दुखलं?"

"कुठं न्हाय. चालू दे म्हटलं."

सोबत आलेला आण्णाप्पा कपाळाला हात लावून हसला. "मागाच्या खडखडाटात काय ऐकू येतंय गं? आमच्यात हात वर म्हणजे धागा ठीक, चालू दे. आमची भांडणंबी हाताच्या खुणांनीच झाली!"

मालुबाई बघत राहिल्या, दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली असावी तशा.

पुढे खूण बदलली: दुखलं तर काचेवर थाप. थाप कधी पडली नाही. रोज मंजुश्री विचारायची, "कसं वाटतंय?"

"काय वाटत न्हाय."

एकदा त्या जिना न थांबता चढल्या. मंजुश्रीने ते दाखवून दिलं. "व्हय?" एवढंच म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावरही त्या मागावर उभ्या राहिल्या नव्हत्या; शेजारचा यल्लाप्पा एक माग विकत घेऊन टेम्पोत घालून गेला. पुढे मालुबाईंना थोडा फरक पडला; तो उपचाराने की दिवस गेल्याने, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. सध्या उरलेला माग सकाळी मालुबाई चालवतात. दुपारी त्यावर आण्णाप्पा असतो आणि त्या झोपतात.