दादाच्या नावाचे टी-शर्ट

रविवारी सकाळी आईला स्कूटीवर घेऊन जुळे सोलापुरातल्या एका मैदानावर गेले. तिथल्या जिमच्या पोरापोरींनी माझ्या भावाच्या स्मरणार्थ 'मेमोरियल वर्कआउट' ठेवला होता. म्हणजे नक्की काय, हे जाईपर्यंत मला माहीत नव्हतं... खरं सांगू, अजूनही नीट कळलेलं नाही.

दादा, म्हणजे संतोष, फौजेत होता. तो शहीद झाला त्याला आता काही वर्षं झाली. सुरुवातीला आई सगळ्या कार्यक्रमांना जायची, स्टेजवर बसायची, घरी येऊन शाल कपाटात टाकायची. मग एक दिवस म्हणाली, "बास. मला आता खुर्चीत बसवू नका." तेव्हापासून ती सांगोल्याकडच्या आमच्या गावातून हलली नव्हती. दादाचा विषय निघाला की उठून शेळ्यांकडे जायची.

या वेळी मीच हट्टाने सोलापूरला माझ्या घरी आणलं. तिने एकदा तरी त्याच्याबद्दल बोलावं, एवढंच मला हवं होतं. पण स्कूटीवर मागे बसलेली आई गप्प, आणि मला वाटायला लागलं, उगाच आणलं.

मैदानावर फोटो, हार, समई, आईला खुर्ची, शाल, नारळ... इथपर्यंत ओळखीचं. दोन मिनिटं शांतता झाली. आणि एकदम शिट्टी, स्पीकरवर दणदणीत गाणी, अन् सगळे खांद्यावर वाळूच्या पिशव्या घेऊन पळत सुटले. पळायचं, पिशवी टाकायची, उठाबशा काढायच्या, परत पिशवी. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'संतोष'.

मी पार गोंधळले. इथे रडायचं असतं की टाळ्या वाजवायच्या असतात? एक जण शेजाऱ्याला ओरडून "चल चल चल" म्हणत होता, अन् समोर दादाचा हार घातलेला फोटो.

आईने माझा हात ओढला. "ह्यांना कुणी शिक्षा दिलीया?"

मी म्हटलं, शिक्षा नाही गं, दादासाठी करतायत.

"त्याला कुटं आवडायचं हे."

खरंच होतं ते. सुट्टीवर आला की व्यायाम सोडा, ऊन डोक्यावर आलं तरी साहेब अंथरुणात. मला हसू आलं... आणि हसले म्हणून लाजही वाटली.

आणि सुट्टीवर येताना ट्रंक भरून मळके कपडे आणायचा. गावात पाण्याचा टँकर, अन् हा महिनोन्‌महिन्यांचं धुणं घेऊन हजर. आई करवादायची, "मिल्ट्रीत पाणी न्हाय व्हय रं?" पण त्या कपड्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

तो गेल्यावर ती ट्रंक घरी आली. आत सगळे कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, घडी घातलेले. आईने एवढंच विचारलं, "कापडं कुणी धुतली?" सोबत आलेला जवान म्हणाला, "आम्हीच, आई." तिने त्याला हात जोडले आणि ट्रंक बंद केली. ती पुन्हा उघडली नाही. का, ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं.

तर, वर्कआउट संपला. पोरं घामाने निथळत आईच्या पाया पडायला आली. एक मुलगी वाकली, आईने तिच्या पाठीवर हात ठेवला... आणि तो तिथेच राहिला. टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला होता. आईने तो हात नाकाशी नेला.

"काढा ही कापडं," ती म्हणाली. "मी धुऊन देते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय कळतंय! कोच म्हणाला, "राहू द्या की आई, आम्ही धुतो घरी."

"तुमी न्हाय. मी धुणार."

कोचने अंगातला टी-शर्ट काढून तिच्या हातात दिला. पोरांनी काढले, मुली जिममध्ये जाऊन बदलून आल्या. आईने नुकतीच मिळालेली शाल जमिनीवर पसरली आणि सगळ्या टी-शर्टांचं त्यात गाठोडं बांधलं.

येताना ते गाठोडं आमच्या दोघींच्या मध्ये होतं. आणि आई बोलत होती... संतूची कॉलर किती मळायची, संतू बाह्या कशा उसवून आणायचा, साबण कसा पुरायचा नाही. मला पुढचा रस्ता धड दिसत नव्हता.

घरी आल्या आल्या मी बादली भरली. "आई, भिजवू का?"

ती गाठोड्यावर हात ठेवून भिंतीला टेकून बसली होती. "उद्या," म्हणाली. "आजचा दिस असू दे तसंच."

तेव्हा कुठे मला ती ट्रंक कळली.

काल आमच्या गच्चीवर दोरीभर 'संतोष' वाळत होता. कोचचा मेसेज आलाय, "ताई, आई ठीक आहेत ना? आमचं काही चुकलं का?"

काही चुकलं नाही रे. पण तुमच्या घामाबद्दल थँक्यू, हे कुणाला कसं लिहायचं ते मला सुचेना... म्हणून इथे लिहितेय.